पहिला चीक

सोलापूर, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, शके १८५३

गेल्या साली नातू जन्मला त्या सकाळी देवाला हात जोडून त्याला बोटाने मध चाटवला, तो मीच. आईचा चीक जड, म्हणून पहिले तीन दिवस पिळून टाकायचा, ही घरची रीत. आठव्या दिवशी पोराला हगवण लागली आणि तो गेला. माझे बोट किती जोराने चोखत होता! देवाने नेला, असे मी सर्वांना सांगितले. खरेच देवाने?

गावाकडे वासराचा चीक आम्ही कधी चुकवला नाही. चुकला तर वासरू हगून मरते. नातवाला मध चाटवतानाही हे मनात आले होते.

आज सकाळी सुनेला मुलगी झाली. माझी थोरली बहीण मधाची वाटी घेऊन निघाली. बोटावर पुन्हा ती ओढ जाणवली.

"अक्का, मध ऱ्हाऊ दे. आईचाच चीक पाजू दे."

"बाळंतिणीच्या खोलीतलं तू बोलतोस? लाज वाटत न्हाय?"

"गेल्या साली वाटली, म्हनून गप बसलो."

हीही गेली तर दोष माझ्याच माथी. तरी सासरा असून दाराआडून सुनेला सांगितले, "पोरी, घे तिला पदराखाली."