माझी खाजगी पोटरी

१ ऑगस्ट १९६५, रविवार
आजपासून रोजनिशी. खेळाडूनं ठेवावी म्हणतात.
फॅक्टरीचे स्पोर्ट्स १९ डिसेंबरला. तीन मैलांची दौड, गेटपासून अधारतालकडे जाऊन परत. गेल्या साली अकरावा आलो. धावणारे बारा होते हे खरं, पण बारावा वाटेत चहाला थांबला होता.
यंदा पहिला. बेबीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. तिसरीचा अख्खा वर्ग आणि बाई. आता माघार नाही. रोज पहाटे साडेचारला उठणार. तळलेलं बंद.

२ ऑगस्ट
जाग भोंग्यानं आली. सकाळचा डबा भज्यांचा होता, पण ती कालच तळलेली होती, म्हणून मोजली नाहीत.

४ ऑगस्ट, सकाळी ६
उठलो! कॅनव्हासचे शूज खडूनं पांढरे करून ठेवले होते, ते घातले. नाडी बांधायला वाकलो आणि डाव्या पोटरीत कचकन काहीतरी झालं. अजून उंबरासुद्धा ओलांडला नव्हता.
खऱ्या खेळाडूला दुखापत वॉर्म-अपमध्येच होते. इंदूचं म्हणणं, वाकताना पोट मध्ये आलं असेल. बायको चांगली आहे, पण स्पोर्ट्समधलं तिला काही कळत नाही.

११ ऑगस्ट
तिळाचं तेल, लेप, शेक. सुधारणा आहे.
शशिकांत भेटला. आमच्याच सेक्शनचा फिटर, वय बावीस, गेल्या साली पहिला. विचारून राहिला, काका, प्रॅक्टिस कशी चालू आहे? काका! मी एकोणचाळीसचा आहे. त्याला सांगितलं, सध्या मनातल्या मनात धावतो. ही जर्मन पद्धत आहे. असेलच.

२९ ऑगस्ट, रविवार
दुपारी पलंगावर तीन मैल. सोळा मिनिटं. दम अजिबात लागला नाही. उतारावर डोळा लागला, तरीही सोळा.

४ सप्टेंबर
पोटरी हटून बसली आहे. तीन दिवस पूर्ण विश्रांती दिली की संपलं. सुटीचा अर्ज दिला, हिंदीत. इंदू म्हणाली, ऑफिसातल्या दुबे बाबूंना तोंडीच सांगा. काहून? तीस वर्षं जबलपुरात काढली, माझं हिंदी दुबेपेक्षा शुद्ध आहे. नक्कल इथे उतरवून ठेवतो:
"मेरी पोटरी में एक महीने से गड़बड़ चल रही है। सुबह-शाम पोटरी पर ध्यान देना पड़ता है। अतः पोटरी के लिए तीन दिन की छुट्टी दें।"
नेमकं आणि नम्र.

६ सप्टेंबर
लढाई मोठी पेटली. सगळ्यांच्या सुट्या रद्द, पाळी बारा तासांची. फॅक्टरीच्या आवारात खंदक खणून राहिले. पोटरीमुळे मला फावडं नाही, फक्त मोजपट्टी धरायला दिली. देशाला ज्याची जी गरज.

९ सप्टेंबर
मेमो आला. वाचून चक्रावलो. "युद्धकाल में ड्यूटी के साथ-साथ निजी पोटरी चलाने का स्पष्टीकरण दें।"
चालवायची काय त्यात? पोटरीशिवाय माणूस चालेल कसा? दुबे कामाच्या ताणानं खचला असावा.

११ सप्टेंबर
स्पष्टीकरण दिलं. लपवाछपवी आपल्या रक्तात नाही.
"पोटरी मेरी निजी है, जन्म से है। पिताजी की भी थी। एक नहीं, दो हैं। दाईं अच्छी चल रही है, केवल बाईं बंद जैसी है। ड्यूटी पर आते समय दोनों साथ लाता हूँ।"
दुबेनं वाचलं, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. प्रामाणिकपणाची छाप पडते ती अशी.

१३ सप्टेंबर, सोमवार
देशासाठी सोमवारचं एक वेळचं जेवण सोडलं. साबुदाण्याची खिचडी दोन ताटल्या. ते जेवण नव्हे.

१९ सप्टेंबर, रविवार
चौकशीला घरी दोन माणसं आली. म्हणाले, भट्टी कुठे आहे? इंदूनं चूल दाखवली. मग मागच्या अंगणात गेले. लिंबाचं लोणचं घालायचं म्हणून इंदूनं सात बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या होत्या. एकानं लिहून घेतलं: तैयार माल, सात नग.
ते गेल्यावर इंदू पदर तोंडाला लावून हसून राहिली. खूप वेळानं म्हणाली, "अहो, हिंदीत पोटरीला पिंडली म्हणतात. त्यांना वाटून राहिलं तुम्ही कपबशांचा कारखाना काढला."
म्हणजे पॉटरी! ती, जिथे बरण्या आणि नळाचे पाइप करतात! आणि मी लिहून दिलं, दोन आहेत, वडिलांचीही होती. नोकरी जाते की काय.

२० सप्टेंबर
दुबे बाबूंना सगळं समजावलं. ते म्हणाले, भैया, अब तो फाइल ऊपर चली गई. साहेबच बघतील. तोवर पाय दुखतो आहे हे दिसलं पाहिजे. आजपासून जरा ठळक लंगडणार.

३ ऑक्टोबर
घोटाळा झाला. पोटरी बरी झाली. कधी झाली कळलंच नाही, बहुतेक युद्धविरामाच्या सुमारास. पण आता धावताना दिसलो तर दुखणं खोटं, आणि दुखणं खोटं तर कारखाना खरा. तेव्हा गेटच्या आत लंगडायचं आणि बाहेर प्रॅक्टिस करायची. उद्या पहाटेपासून.

१७ ऑक्टोबर
बाहेरही लंगडणं बरं. आमच्या चेरीताल वस्तीत फॅक्टरीची माणसं फार. आपला ताल आता पक्का बसला आहे, न पाहता जमतं. गल्लीतली पोरं माझ्यामागून तसंच चालून राहिली होती. मी वळून पाहिलं तर बेबी त्यांच्यावर धावून गेली, एकाला तिनं ढकललंही.

८ नोव्हेंबर
साहेबांपुढे सुनावणी. हिशेब खात्याचे भाऊराव देशकर साक्षीला. त्यांनी सांगितलं, आमच्या मराठीत पोटरी म्हणजे पिंडली. साहेब म्हणाले, दिखाओ. उजवी पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली. साहेबांनी, दुबेनं आणि दोन शिपायांनी माझी पोटरी निरखून पाहिली. दवाखान्याच्या डॉक्टरांनी दाबली, मी ओरडलो. त्यांनी लिहिलं: पुरानी चोट, दौड़ना सख्त मना.
सुटलो! फाइल बंद. इंदूनं शिरा केला. आता सव्वा महिना नुसती प्रॅक्टिस.

१२ डिसेंबर
धावणाऱ्यांची यादी लागली. माझं नाव नाही. स्पोर्ट्स कमिटीचे सेक्रेटरी दुबे बाबूच. त्यांनी डॉक्टरांचा कागद दाखवला. मी म्हटलं, एकदम ठणठणीत आहे, आत्ता धावून दाखवतो. ते हळूच म्हणाले, "सोच लो। फाइल फिर खुलेगी।"
अन्याय आहे. यंदा मी नक्की पहिला आलो असतो. हे घरी कसं सांगावं या काळजीत जेवण गेलं नाही. फक्त भाकरी, भात आणि शिरा.

१९ डिसेंबर, रविवार, सायंकाळी ७
दौड झाली. शशिकांत पहिला. मला शेवटच्या रेषेपाशी खुर्ची दिली होती आणि फीत धरायचं काम. धावणारे तेरा. तेरावा चहा पिऊन आला.
बेबी खुर्चीशेजारी उभी होती. तिच्या बाई आल्या, म्हणाल्या, बेबीनं वर्गात सांगितलं आहे, बाबांच्या पायाला लढाईत लागलं. मी फीत गुंडाळत राहिलो. बाईंनी मला नमस्कार केला.
परतताना लंगडत होतो. सवयच. गेटबाहेर आल्यावर बेबी माझा हात धरून खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, पहिले तर डावा पाय दुखत होता ना? आता उजवा काहून?"
मी म्हटलं, डावाच... म्हणजे उजवाच.
ती म्हणाली, "मी कोणाले नाही सांगितलं." मग थोडं चालून विचारलं, "पुढच्या साली काय दुखणार आहे? म्हणजे मी बाईंना आधीच सांगून ठेवते."
घरी येऊन ४ ऑगस्टचं पान काढलं. डाव्या पोटरीत, असं लिहिलं आहे. माझंच अक्षर.