दुसरी भाकरी

डिंडोली, सुरत

तीर्थस्वरूप सासूबाईंना सविनय नमस्कार.

आज डॉक्टरांनी भावेशला तपासले. चार वर्षांचा होऊनही तो बोलत नाही. "गरोदरपणी याची आई काय खायची?" त्यांनी विचारले. पोटातले मूल फार वाढले तर बाळंतपण अवघड जाते, या आमच्याकडील समजुतीने मी, विज्ञानाचा पदवीधर, जयश्रीच्या ताटातील दुसरी भाकरी रोज उचलून घेत असे. ती म्हणे, "अहो, आतला भांडतोय माझ्याशी, अर्धी तरी ठेवा!" मी ठेवली नाही.

"तेही एक कारण असू शकतं," मी हे सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले.

गेल्या वर्षी काविळीने जयश्री गेली, तेव्हा आपण म्हणालात, "जावईबापू, माझी लेक तुमच्याकडे कधी उपाशी राहिली नाही."

मी मान डोलावली. हे पत्र पाठवण्याचे धैर्य आजही नाही.

आपला अपराधी,
ललित