तांदळात लिहिलेलं नाव

प्रिय गोदाताई,

पत्र बघून घाबरू नकोस, घाबरायचं काम सध्या मी एकटीच करते आहे. फोनच केला असता, पण हे समोर बसलेले असतात आणि माझा आवाज जरा हलला की लगेच बीपीचं मशीन काढतात. जठारपेठेतल्या सगळ्या बायका भेटून गेल्या. प्रत्येकीच्या ओळखीत कुणीतरी डोक्याच्या ऑपरेशननंतर ठणठणीत झालेलं आहे. मी हसून चहा देते, आणि त्या गेल्या की त्याच कपबशा दोनदोनदा विसळत बसते.

सोमवारी अमरावतीला गाठ काढणार. भुलीची डॉक्टर अगदी पोरसवदा आहे, वर्षाली नाव. म्हणाली, काकू, झाल्यावर आम्ही नावानं हाक मारू, तुम्ही फक्त ‘वेक अप’ व्हायचं. फक्त म्हणे! जन्मभर शाळेत पोरांकडून वेक, वोक, वोकन घोकून घेतलं आणि त्या शब्दाकडे कधी धड पाहिलं नाही. घरी येऊन जाडजूड डिक्शनरी काढली. दोन जुनी क्रियापदं एकमेकांत मिसळून तो शब्द झालाय. एकाचा अर्थ झोपेतून उठणं, दुसऱ्याचा जागं राहणं, राखण करणं. पुढे मेलेल्या माणसाशेजारी जागत बसण्यालाही तिकडे हाच शब्द. तिथे मी पुस्तक मिटलं. भाऊजींना दवाखान्यातून आणलं, तेव्हा आपण दोघी तशाच बसलो होतो.

नांदगाव खंडेश्वरच्या घरी आपण एका गोधडीत झोपायचो, आठवतं? आई हाका मारून थकायची, मी ढिम्म. मग तू माझ्या पायाचा अंगठा ओढायचीस, “पारे, ऊठ वं, कावून मेल्यावानी झोपून राहिली?” की मी उठलेच. ती पारू तिथेच राहिली. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘अनुपमा’ लिहिलं. खोटं कशाला सांगू, मलाही आवडलं होतं, वकिलाच्या बायकोला शोभेलसं. शाळेत, बँकेत, आधारवर तेच. दवाखान्यात मनगटाला पट्टी बांधतील, तिच्यावरही तेच असणार.

आता कुणाला न सांगितलेलं सांगते. पोळ्याच्या सुमारास मी स्वयंपाकघरात पडले, त्यातूनच गाठ कळली. पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येत होतं. हे ‘अनुपमा, अनुपमा’ करत रडकुंडीला आले होते. आणि मला वाटत होतं, कुणी अनुपमा आहे, तिला बोलावताहेत, ती देईल ओ. मी आपली निवांत पडून राहिले. ताई, मला त्या निवांतपणाचीच भीती वाटते. ह्यांना म्हटलं असतं, पारू म्हणा; पण त्यांच्या तोंडून ते नाव कधी ऐकलेलंच नाही. आई गेल्यावर तसं हाक मारणारं तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

भाऊजींनंतर तू दवाखान्याची पायरी चढली नाहीस, ठाऊक आहे मला. तरीही हे पत्र त्यासाठीच आहे. सोमवारी सकाळची एस.टी. धरून ये. वर्षालीशी बोलून ठेवलंय, मला ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आणलं की ती तुला माझ्या खाटेपाशी आत घेईल. रडू नकोस, देवाचं काही म्हणत बसू नकोस. अंगठा ओढ आणि तश्शीच चिडून हाक मार. मी डोळे उघडेपर्यंत हलू नकोस. फक्त ‘मेल्यावानी’ तेवढं म्हणू नकोस.

तुझीच,
पारू