रुमालाखालचा सौदा आणि पाच ट्रक सालं

राजमान्य राजेश्री वामनराव साडूभाऊ यांना अमरावतीहून उत्तमरावाचा रामराम. इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. तुमचा गुडघा आता कसा आहे? शालूताईंचे पापड यंदा अंगणात वाळत असतीलच.

तुम्ही मधे पडून आमच्या वर्षालीसाठी तुमच्या अकोल्याच्या खुशालरावांचा मुलगा सुचवलात. रविवारी ती मंडळी मुलगी पाहायला येणार. आता येतात की नाही, देव जाणे. कारण काल त्यांनी मला टीव्हीवर पाहिले असणार.

त्याचे असे झाले. इथल्या नव्या मोठ्या स्टेडियमवर मॅच होती, म्हणून शेंदूरजनाघाटच्या बागेतली संत्री घेऊन गेलो. गेटवरच प्लॅस्टिकची पन्नी काढून घेतली (जसा काही गांजाच सापडला!). संत्री उपरण्यात बांधली. आत एक साल पायाशी टाकले, तर हिरव्या टोपीतली एक पोरगी हजर. "एवढं साल उचला नं काका." भर मॅचमध्ये वाकून उचलले, साडूभाऊ! मग तिनेच कौतुकाने सांगितले, की संडासातले पाणी शुद्ध करून मैदानाच्या गवताला देतात. मी हबकलोच. त्याच गवतावर लोळून एका फिल्डरने कॅच घेतला, आणि उठून बॉलचा मुका घेतला. माझ्या हातातली फोड हातातच राहिली.

पण खरा धक्का पुढेच होता. साल टाकायला स्टँडच्या कोपऱ्यात गेलो, तर तिथे सालांचा डोंगर. तिथले साहेब (चंदन नावाचा पोरगाच तो) म्हणाले, याचे खत करून शेतकऱ्यांना फुकट देतो. फुकट असले तरी किती, हे ठरायला नको? माझा जन्म संत्र्याच्या दलालीत गेला. आम्ही तोंडाने बोलत नाही, रुमालाखाली बोटांनी बोलतो. त्याच्या हातावर मोकळे झालेले उपरणे टाकले आणि खालून एक बोट दाबले. एक बोट, एक ट्रक. पोरगा पांढराफटक पडला आणि घाबरून त्याने माझा अख्खा पंजा आवळला. पंजा म्हणजे पाच, आणि आवळला म्हणजे सौदा पक्का! बाजूला संघपाल ड्रायव्हर उभा होता, जुना बाजारातला माणूस. तो ओरडला, "पाच ट्रक! जमलं!" मी मान वर केली, तर मोठ्या पडद्यावर, म्हणजे टीव्हीवरही, आम्हीच. उपरण्याखाली हातात हात, आणि अख्खे स्टेडियम शिट्ट्या मारतेय. खाली अक्षरे होती, 'आजचे हरित प्रेक्षक'.

मुलीच्या बापाची काय अब्रू राहिली? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खुशालरावांना एवढे समजवा, की तो सौदा होता, दुसरे काही नव्हते.

आपला,
उत्तमराव

ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात खुशालरावांचाच फोन. तेही जुने बैलबाजारातले. म्हणाले, "उपरणं हाललं तवाच म्या ओयखलं. पाच झाले नं? आता मांगं सरू नका. रुमालाखालचा शबूद मोडते, त्याच्या घरची पोरगी आमी सून करत नाई. माल कुठी उतरवता, थे पायतो."

ता. क. दुसरा. चंदनसाहेबांची खताची मशीन बंद आहे, त्यामुळे नुसती ओली सालं मिळताहेत. इथल्या अंगणात उतरवली तर रविवारी पाहुण्यांना बसवू कुठे? म्हणून खुशालरावांना तुमचे अंगण सांगून टाकले. हे पत्र तुमच्या हातात देणारा माणूस म्हणजेच संघपाल. त्याला चहा द्या, आणि शालूताईंना म्हणावे, आधी पापड उचला.