काल कुठे?

निमगाव सावा,
९ डिसेंबर २०२४

चि. अश्विनीस आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, मी लक्ष देत नाही. कांद्याची लागण उरकली. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू ठेक्याच्या मात्रांचं विचारतेस, मी मात्रांचं सांगते, आणि "चल आई, ठेवते." म्हणून पत्र.

बाबांच्या टेपवरून तू कॉम्प्युटरसाठी तयार केलेलं भजन ऐकलं. स्वच्छ आहे. ठेका कुठे तसूभर ढळत नाही. शाळेत कवायतीला उत्तम.

रामनाथभाऊजी टाळांना नवी दोरी ओवून घ्यायला आले होते, त्यांनाही ऐकवलं. म्हटलं, कॉम्प्युटरला भजन नुसतं ऐकून कळत नाही. मात्रा कुठे पडली, ध्रुवपद कुठून कुठवर, चरण संपल्यावर मागे कुठे फिरायचं, सगळं लिहून द्यावं लागतं. तर म्हणाले, "म्हंजी पोरगी भजनाचा सातबारा काढतीय व्हय, वहिनी? मग माझं बी नाव लावा म्हणावं कब्जेदारात!" मी त्यांना गप्प केलं. पण मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

परवा मी फोन उचलताच तू विचारलंस, "आई, काल कुठे?" मी म्हटलं, "कुठे असणार? घरीच होते." तू केवढी हसलीस. "अगं, ठेक्यातला काल!" टाळी न देता हात मोकळा सोडायची जागा. संगीत घेऊन बी.ए. झालेली बाई मी, मला का कळू नये? पण मला वाटलं, तू माझी चौकशी करते आहेस.

असो. आता तुझा प्रश्न. तिसऱ्या चरणानंतर, कालावर, बाबांचा हात लांबतो आणि तुझी मोजणी तिथे बिघडते. "बाबा चुकले का? सरळ करून टाकू?" असं तू विचारलंस. शुक्रवारी काम द्यायचं आहे म्हणतेस.

सरळ करू नकोस. ते चुकले नाहीत, थांबले. ही टेप झाली त्या एकादशीला तू पुण्याहून यायची होतीस. नारायणगावात जीप मिळाली नसावी, उशीर झाला. दारात तुझ्या चपला वाजल्या. बाबांनी पखवाजावरचा हात वर धरला, भाऊजींना डोळ्यांनी खुणावलं, आणि सगळं भजन तसंच थांबलं, तू बसून टाळ हातात घेईपर्यंत. पुढे नीट ऐक. एक टाळ वाढतो. जरा घाईत वाजतो. तो तुझा.

तुझ्या कॉम्प्युटरात समेला खूण आहे, कालाला आहे, मागे फिरण्यालाही आहे. वाट बघण्याला आहे का? नसली तर कर. एवढी शिकलीस ती कशाला?

बिबट्यामुळे हल्ली भजन दिवस मावळायच्या आत आटोपतात. पखवाजावर आता बाबांच्या जागी सुभाष बसतो. हात चांगला आहे त्याचा. कालावर थांबत नाही. कोणासाठी थांबेल? यायचे ते सगळे आधीच येऊन बसलेले असतात.

बाबांच्या तेराव्यानंतर तू आली नाहीस. कारण विचारत नाही. मूळ टेप मीसुद्धा लावत नाही, तुझी ती कवायतच लावते. तिच्यात ते नाहीत, म्हणून ती ऐकणं सोसतं.

शुक्रवारी तुझं काम देऊन होईल. मग तू मला काय विचारायला फोन करशील, हे मला सुचत नाही.

तर एक लक्षात ठेव. तो थांबा किती धरायचा, हे फोनवर सांगता येत नाही. समोर बसून हातावर दाखवावं लागतं. तुझे टाळ खुंटीलाच आहेत.

काल घरीच होते. उद्याही आहे.

तुझी,
आई