‘बंधू-भगिनींनो’च्या पुढचं

मंगळवार, ५ मार्च

संपाचा चौथा दिवस. पायांचे तुकडे पडलेत! कोटावर लाल टी-शर्ट चढवून आम्ही बावीस मास्तर-मास्तरणी शाळेच्या फाटकासमोर गोल गोल फिरतोय. पीटी शिकवणाऱ्या गसच्या हातात पाटी — ‘पाठिंबा असेल तर हॉर्न वाजवा.’ वाजवतात की लोक! निम्मे पाठिंब्याने, निम्मे आम्ही रस्ता अडवलाय म्हणून. आणि संध्याकाळी टीव्हीवर आमच्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष, श्रीमान टेरन्स ओल्डेकर — “ऐका ते हॉर्न! अख्खं शहर आमच्या पाठीशी आहे!”

डोंबलाचं शहर.

बुधवार, ६ मार्च

रोज दुपारी ओल्डेकर साहेबांचा रेकॉर्ड केलेला निरोप फोनवर येऊन पडतो, प्रत्येक शाळेच्या प्रतिनिधीला. आमच्या शाळेची प्रतिनिधी मी — एकतीस वर्षं शिकवल्याची शिक्षा! सुरुवात ठरलेली, “बंधू-भगिनींनो...” मी तिथेच बंद करते. अकरा वर्षांत वर्गात पाऊल टाकलं नाही त्याने, त्याची मी कसली भगिनी?

“ऐकत जा की पुढचं,” गस म्हणाला.

“तू ऐक. मला त्याचं पुराण पाठ आहे.”

शुक्रवार, ८ मार्च

संपला एकदाचा तमाशा! दुपारी डोनटच्या दुकानातल्या टीव्हीवर ओल्डेकर महापौरांच्या माणसाशी हात मिळवत होता, बत्तिशी दाखवत. म्हणजे ठरलं. लगेच त्याचा निरोपही आला. “बंधू-भगि—” बंद!

मग फाटकाशी लॅट्रीस आली, अमायाला घेऊन. ही लॅट्रीस वीस वर्षांपूर्वी माझ्या तिसरीत होती, आता तिची पोर माझ्या तिसरीत. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं सगळं करते. “बाई, माझ्या रजा संपल्या. सोमवारी गेले नाही तर घरीच बस म्हणालेत. चर्चमध्ये पोरं सांभाळतात, तिथे एकच जागा उरलीय. अमायाचं नाव घालू?”

“कशाला गं? सोमवारी शाळा. माझा शब्द!”

कसली खुलली! जाताना गाडीचा हॉर्न दोनदा वाजवला. इतक्या दिवसांत तेवढाच एक मनापासून वाजला असेल.

सोमवार, ११ मार्च

शाळा बंद! संप चालूच! करार-बिरार काही नाही, नुसता हात मिळवला म्हणे. फोटोपुरता! नालायक माणूस. स्वतः चॅनेलवर मिरवणार आणि आम्ही इथे लोकांपुढे तोंडघशी. लॅट्रीसला चारदा फोन केला. उचलत नाही.

मंगळवार, १२ मार्च

लॅट्रीसचा पत्ता नाही. ओल्डेकर तीन चॅनेलवर होता.

गुरुवार, १४ मार्च

शाळा सुरू झाली. अमायाचा बाक रिकामा. दहाला लॅट्रीस एकटीच आली, हातात शाळा सोडल्याच्या दाखल्याचा कागद.

“चर्चमधली जागा गेली होती. सोमवारी तिला कामावर घेऊन गेले, बाई. चादरींच्या खोलीत बसवली. म्हटलं, आवाज करू नकोस. नऊला सापडली. साडेनऊला मी रस्त्यावर.”

मी म्हटलं, “त्या ओल्डेकरने फसवलं गं! तुलाही, आम्हालाही—”

“कोण ओल्डेकर? मी नाही ओळखत त्याला. शब्द तुम्ही दिला होता.”

पोरीला चौकापलीकडच्या खासगी शाळेत घातलीय. तिथे संप होत नाहीत म्हणे. खाली वर्गशिक्षिकेची सही हवी होती. केली. मग तिने पिशवीतून आमच्या वर्गातलं पुस्तक काढलं, मध्ये आइस्क्रीमची काडी खूण म्हणून घातलेली.

“राहू दे, वाचून होऊ दे तिचं,” म्हटलं.

“नको,” म्हणाली.

रडले मी, मुलांसमोरच. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्या ओल्डेकरला मी कधी माफ करणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च

साहेबांचे निरोप पुसायला बसले. गेल्या शुक्रवारचा चुकून सुरू झाला आणि तेवढ्यात केटलीची शिट्टी झाली, मी उठले, म्हणून वाजत राहिला.

“बंधू-भगिनींनो, हात मिळवलाय, पण करार झालेला नाही. सोमवारचं काही खरं नाही. पालकांना शब्द देऊ नका. त्यांचा विश्वास माझ्यावर नाही, तुमच्यावर आहे.”

एवढाच. निरोपाची वेळ दीड.

लॅट्रीस आली होती अडीचला.