केल्विनची टाच

१२ जाने., सोम.

ट्रीटमेंट रूमला आज दार बसलं. इतके दिवस पडदा होता. आमच्या नव्या फुटबॉल क्लबला लोगो आहे, जर्सी आहे, स्वतःचं गाणंसुद्धा आहे. गरम पाणी मात्र अजून नाही. बर्फ मासळीवाल्याकडून आणते. त्या बर्फात पाय घालून बसलेल्या मुलांना दिवसभर मासळीचा वास येतो. कोणी तक्रार करत नाही, प्रोफेशनल झालेत ना.

नवऱ्याचा, मिलिंदचा फोन. तिकडे घरी, कॅरीला स्नो पडलाय, घरूनच काम. म्हणे, तुझी मजा आहे, कॅरिबियन बेट, बीच. या महिन्यात मी समुद्र फक्त पार्किंगमधून पाहिलाय. पण हे त्याला सांगितलं नाही. भांडायलाही ताकद लागते.

१४ जाने., बुध.

संक्रांत. शरदकाका आणि काकू वेस्ट विंडसरहून आले. काकूंनी डबा भरून तिळाचे लाडू आणलेले. काका अख्ख्या टीमला ओळीने वाटत सुटले, वर "गोड बोला"चं स्वतःच भाषांतर करत. कोच डग ओहायोचा, त्याला वाटलं एनर्जी बॉल. कॅप्टन केल्विन म्हणाला, आमची आजी तिळाची वडी करते ती अशीच, फक्त दात जास्त लागतात. काका खूश.

काका म्हणजे क्लबच्या मालकांतले मोठे. बाकीचे सगळे त्यांचेच डॉक्टर मित्र. जन्मभर न्यू जर्सीत लोकांची हृदयं तपासली आणि रिटायर झाल्यावर स्वतःचं इथे लावून बसले. नागपूरला बाबांच्या वर्गात होते. माझं क्लिनिक बंद झालं तेव्हा त्यांनीच बोलावून घेतलं. इंटरव्ह्यू नाही, काही नाही. तू काय परकी आहेस का, म्हणाले. त्यामुळे मला बॉस नाहीये, काका आहेत. यात किती त्रास आहे ते डगला सांगून कळणार नाही.

२१ जाने., बुध.

केल्विनची डावी टाच. मागची जाड शीर, म्हणजे टेंडन, सुजलीय. दाबलं की श्वास आत ओढतो, आणि विचारलं की "ऑल गुड, डॉक." मी डॉक नाही, फिजिओ आहे, हे सांगून दमले.

एकतीस वर्षांचा आहे. मेनलँडवर, तिकडे अमेरिकेत, दोन क्लब फिरून घरी परतलाय. पोस्टातली बाई, भाजीवाली, पेट्रोलपंपावरचा म्हातारा, सगळे त्याला नावाने हाक मारतात. पहिल्या होम मॅचच्या पोस्टरवर एकटा तोच आहे. बाकीच्या दहा जणांचं कोणाला काही पडलेलं नाही. स्कॅन करून मेनलँडच्या ऑर्थोपेडिकला पाठवला.

२४ जाने., शनि.

व्हिडिओवर ऑर्थो. शीर थोडी फाटलीय. विश्रांती दिली तर भरून येईल, पण मॅचपर्यंत नाही. त्याआधी जोरात धावला आणि पूर्ण तुटली, तर ऑपरेशन आणि वर्ष गेलं. एकतिसाव्या वर्षी वर्ष गेलं म्हणजे खेळच गेला. रोजचं तू बघून ठरव, म्हणाले, आणि स्क्रीन काळी.

काकांना फोन केला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जरा सांभाळून घे गं त्याला." बरं वाटलं. शेवटी डॉक्टर माणूस.

२ फेब्रु., सोम.

घोळ झाला. गेला आठवडाभर केल्विनला ट्रेनिंगमधून पूर्ण बाहेर ठेवलं होतं. नुसती सायकल आणि पाण्यात चालणं. डगने भोळेपणाने क्लबच्या पेजवर टाकलं, कॅप्टनला विश्रांती दिलीय. तासाभरात काकांचा फोन.

"अगं, मी सांभाळून घे म्हटलं होतं. बाजूला काढ नव्हतं म्हटलं."

मी म्हटलं, काका, सांभाळायचं म्हणूनच तर काढला. मग लहान मुलीला समजवावं तसं समजावलं. सांभाळून घे म्हणजे बोभाटा करू नकोस, निभावून ने. लग्नात एखाद्याचं काही चुकलं तर आपण चारचौघांत सांभाळून घेतो ना, तसं.

आमच्याकडे मात्र तान्हं मूल हातात देताना आई म्हणायची, सांभाळून घे, पडेल. दोन्ही मराठीच, काय करणार. ते आपल्या जागी बरोबर, मी माझ्या. मधल्यामध्ये टाच केल्विनची.

डगने विचारलं, मालक फोनवर काय म्हणाले होते नेमकं? मी सांगितलं, टेक केअर ऑफ हिम. मग तेच तर केलंस, म्हणाला. हो बाबा, तेच केलं.

९ फेब्रु., सोम.

काकूंनी त्यांच्या इथल्या भाड्याच्या घरी जेवायला बोलावलं. वरणभात, तूप, लिंबाचं लोणचं. इतक्या दिवसांनी कोणीतरी वाढून दिलं. मला कळत होतं की हे नुसतं जेवण नाही, तरी दोनदा भात घेतला.

काका बाहेर गेल्यावर काकू बोलल्या. ह्यांना झोप नाही. बाकीचे डॉक्टर कुरकुर करतायत. पहिल्या मॅचला माणसं आली नाहीत तर ते हात काढून घेणार आणि ह्यांना एकट्याला झेपणार नाही. म्हणजे क्लब संपला. "त्या एका मुलासाठी लोक येणार आहेत गं," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता ताट उचललं.

क्लब गेला तर केल्विनचीही नोकरी जाते, माझीही. हे काकू बोलल्या नाहीत, मीच घरी येताना बोलले, गाडीत, स्वतःशी.

१६ फेब्रु., सोम.

आज केल्विनच आला, मुद्दाम दार लावून बसला. त्याच्या आईने त्याला प्रोफेशनल मॅच खेळताना कधी समोर बसून पाहिलेलं नाही. विमानात बसायची तिला भीती वाटते. आता क्लबच तिच्या दारात आलाय. एकदाच खेळू दे, म्हणाला, तुटली तर माझी तुटेल.

मी तेच जुनं पुराण लावलं. सूज उतरतेय, अजून थोडे आठवडे, पूर्ण सीझन पुढे आहे. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, तू माझी टाच रोज बघतेस, माझं वय कोण बघणार? मी बर्फ लावून दिला.

रागही येतो आणि मायाही येते. दोन्हींनी सारखंच थकायला होतं.

२३ फेब्रु., सोम.

काका रूमवर आले. शनिवारी मॅच. चहा ठेवते म्हटलं तर राहू दे म्हणाले. "मग काय ठरवलंयस?"

मराठीत मला त्यांना नाही म्हणता येत नाही. बघते, करू काहीतरी, तुम्ही म्हणाल तसं, एवढंच येतं, आणि त्या सगळ्याचा ते हो असाच अर्थ लावतात. म्हणून इंग्लिशमध्ये बोलले. डॉक्टर, ही इज नॉट फिट. ही कॅनॉट प्ले.

डॉक्टर म्हटलेलं त्यांना लागलं. मला दिसलं. खुर्चीत सरळ झाले आणि "अंडरस्टुड" म्हणाले. पुढचं सगळं इंग्लिशमध्येच झालं. किट घालून बेंचवर बसला तर चालेल का, लोकांना निदान दिसेल? बसायला माझी हरकत नाही, म्हटलं.

ते गेल्यावर रडले. बाबा असते तर त्यांनाही मी असंच बोलले असते का, कोण जाणे. पण बरोबर केलं. इथे लिहून ठेवते, बरोबर केलं.

२८ फेब्रु., शनि.

मॅच संपवून आत्ताच आले. आंघोळही नाही केली. आधी लिहून टाकते.

माणसं आली. स्टँड भरला, भिंतीवर पोरं, मागे तळलेल्या मासळीचे स्टॉल, ढोल. केल्विनची आई पहिल्या रांगेत, चर्चची टोपी घालून. तो बेंचवर. हाफटाइमला आम्ही एक गोलने मागे, आणि मग लोकांनी त्याच्या नावाने ओरडायला सुरुवात केली. थांबेचनात. ढोलवाल्यांनी तोच ठेका धरला.

शेवटी शेवटी डग माझ्याकडे वळला. "टेन मिनिट्स?"

काका दोन खुर्च्या सोडून बसले होते. जमिनीकडे बघत होते. एक शब्द बोलले नाहीत, हे खरं आहे. कोणीच जबरदस्ती केली नाही.

मी मान हलवली. आपली हलते तशी, ना धड हो, ना धड नाही. 'काय सांगू आता' या अर्थाने हलते ती. डगने हो घेतलं. मला दिसलं की त्याने हो घेतलंय. दुरुस्त करायला वेळ होता, केल्विन अजून बुटाची लेस बांधत होता. नाही एकदा म्हणता येतं. परत परत म्हणायला माणूस ताजातवाना लागतो. मी गप्प बसले.

तो धावला. फार सुंदर धावला, ते सांगायलाच हवं. कडेने बॉल नेला, क्रॉस टाकला, गोल. बरोबरी. शिट्टी वाजली आणि लोक आत घुसले, त्याला खांद्यावर उचलला आणि तसाच गेटबाहेर नेला. त्यामुळे तो चालतो कसा, ते मला दिसलंच नाही.

१ मार्च, रवि.

केल्विन फोन उचलत नाही. चर्चमध्ये असेल.

काकांचा मेसेज, मराठीत. पुढच्या मॅचची तिकिटं संपली, सगळे डॉक्टर खूश आहेत, तू आमची घरचीच आहेस. उत्तर दिलं नाही. मिलिंदने विचारलं, तुझा तो कॅप्टन खेळला म्हणे, म्हणजे बरा झाला वाटतं? हो म्हटलं. लाज वाटली, पण तेवढंच बोलून फोन ठेवला.

दुपारी परत फोन केला त्याला. घंटा वाजत राहिली.

२ मार्च, सोम.

त्याची ट्रीटमेंटची वेळ होऊन गेली. डग म्हणतो, एक दिवस सुट्टी घेऊ दे, हिरो आहे.

आता त्याची जीप आलीय, गेटच्या आत, झाडाखाली. दहा-एक मिनिटं झाली. इंजिन बंद केलंय, उतरत नाहीये. मी खिडकीशी बसून हे लिहितेय. बाहेर जाऊन विचारू शकते. पण पाय उचलत नाहीत माझे. इथल्या जीपचं स्टीअरिंग डावीकडे, उतरताना डावा पाय आधी टेकावा लागतो, आणि तो कसा टेकतो ते बघितलं की मला सगळं कळणार आहे.

इकडे बघितलं त्याने. हात केला. हसला बहुतेक, इथून नीट दिसत नाही.

दार उघडलंय. डावा पाय अजून आतच आहे.